कॉम्प्टनची टक्कर

बीएस्सी फिजिक्सवाल्यांना ‘कॉम्प्टन इफेक्ट’ म्हटलं की पेपरातलं डेरिव्हेशन आठवतं. त्यामागचा माणूस मात्र आठवत नाही.

आर्थर कॉम्प्टनचा जन्म १० सप्टेंबर १८९२चा, अमेरिकेतल्या ओहायोमधल्या वूस्टरचा. वडील कॉलेजात प्राध्यापक. १९१०मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा या पोरानं त्याचा फोटो काढला होता!

पुढे सेंट लुईसला त्यानं ग्रॅफाइटवर क्ष-किरण सोडले. विखुरलेल्या किरणांची तरंगलांबी वाढलेली, म्हणजेच ऊर्जा घटलेली दिसली. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला आपला जोर देतो ना, तसंच. प्रकाशाचा कण इलेक्ट्रॉनला धडकून थोडी ऊर्जा देऊन बसतो. हार्वर्डच्या विल्यम ड्युएनला हे पटेना. वाद रंगला, पण शेवटी ड्युएननं माघार घेतली. १९२७मध्ये कॉम्प्टनला सी. टी. आर. विल्सनसोबत नोबेल मिळालं.

मग महायुद्ध आलं. कॉम्प्टन शिकागोतल्या अणुप्रकल्पाचा प्रमुख झाला. तिथेच २ डिसेंबर १९४२ रोजी फर्मीच्या टीमनं पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडवली. १९४५मध्ये, जपानवर अचानक बॉम्ब टाकू नका, असं त्याच्याच लॅबमधल्या काही शास्त्रज्ञांनी लिहून दिलं. सरकारला सल्ला देणाऱ्या चौघांत कॉम्प्टन होता. थेट लष्करी वापराला पर्याय दिसत नाही, असं या चौघांनी कळवलं. नंतर हिरोशिमा आणि नागासाकी घडलं.

१५ मार्च १९६२ला कॉम्प्टन गेला. पुढची गोष्ट त्याला कळलीच नाही. १९६७मध्ये अणुचाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या ‘वेला’ उपग्रहांनी गॅमा किरणांचा लखलखाट टिपला. तो कुठल्या बॉम्बचा नव्हता, अंतराळातून आला होता! हेच गॅमा-रे बर्स्ट. महाकाय तारा कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे आदळल्यावर जवळपास प्रकाशाच्या वेगानं जेट सुटतात. त्यातले सुसाट इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना धडकून त्यांची ऊर्जा कैक पटींनी वाढवतात. टक्कर कॉम्प्टनचीच, फक्त देणारा-घेणारा उलटा. २०१९मधल्या एका स्फोटातून आलेल्या प्रचंड ऊर्जेच्या किरणांचा उलगडा याच उलट्या टकरीनं झाला.

१९९१मध्ये नासानं सोडलेल्या गॅमा वेधशाळेला कॉम्प्टनचंच नाव दिलं. नऊ वर्षांत तिनं असे २,७००हून जास्त स्फोट टिपले.

बॉम्ब बनवण्यात हात असलेला माणूस आणि बॉम्ब शोधताना सापडलेले हे स्फोट समजावणारा माणूस एकच. पुढच्या वेळी डेरिव्हेशन लिहाल, तेव्हा दोघांनाही आठवा.