साडीतली मरियम आणि आपल्याच गावातले परकेपण

साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची, मांडीवर बाळ घेऊन बसलेली एक स्त्री. चेहऱ्यावर कोकणातल्या कोणत्याही घरात दिसावे असे शांत वात्सल्य. ही येशूची माता मरियम आहे, असे सांगितल्यावर आज गोव्यात कोणी दचकणार नाही. परंतु सुमारे नव्वद वर्षांपूर्वी असे चित्र काढणाऱ्या आंजेलो द फोन्सेका यांना त्याची किंमत मायभूमीपासून दूर राहून मोजावी लागली.

फोन्सेका यांचा जन्म 1902 मध्ये मांडवीच्या पात्रातील सांत इस्तेव बेटावर, एका कॅथलिक कुटुंबात झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग त्यांनी धरला, पण मन रमले नाही. पुढे जे. जे. कला विद्यालयातही ते फार काळ थांबले नाहीत. पाश्चात्त्य नमुन्यांची नक्कल करण्यात त्यांना रस नव्हता. मनाजोगे गुरू त्यांना बंगालमध्ये भेटले. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात त्यांनी जलरंगांचे थरावर थर देऊन धूसर, तरल परिणाम साधणारी शैली आत्मसात केली. भारतीय चित्रकाराने आपल्या मातीतून उभे राहावे, हा त्या परंपरेचा आग्रह होता. फोन्सेका यांनी तो आपल्या श्रद्धेला लावून पाहिला.

ईश्वराचे चित्र काढावे की नाही, हा ख्रिस्ती धर्मातला जुना वाद. दहा आज्ञांमध्ये मूर्ती घडवण्यास मनाई आहे. तिच्या आधारे आठव्या आणि नवव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात पवित्र चित्रांचा विध्वंस झाला. दमास्कसच्या संत योहान यांनी चित्रांची बाजू मांडली. ईश्वराने मानवी देह धारण केला, म्हणून त्या देहाचे चित्र काढता येते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. 787 मधील नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने चित्रांना दिलेला मान चित्रित व्यक्तीला पोहोचतो, असा निर्वाळा दिला. सोळाव्या शतकात युरोपातील प्रॉटेस्टंट सुधारकांपैकी अनेकांनी चर्चमधील चित्रे पुन्हा उतरवली.

कॅथलिक गोव्यात चित्र असावे की नसावे हा प्रश्न नव्हताच. चर्चच्या वेद्या प्रतिमांनी भरलेल्या होत्या. प्रश्न होता, येशू कोणासारखा दिसावा? पोर्तुगिजांच्या राजवटीत युरोपीय चेहरा, युरोपीय वस्त्रे हीच पावित्र्याची खूण ठरली होती. 1931 च्या सुमारास फोन्सेका गोव्यात परतले, तेव्हा त्यांच्या साडीतल्या मरियमकडे अनेकांनी अवमान म्हणून पाहिले. धर्मांतरानंतर स्थानिक वेशभूषा आणि चालीरीती सोडायला लावलेल्या समाजाला तीच वस्त्रे वेदीवर पाहणे रुचले नाही. दुसरीकडे, ज्या देहधारणेच्या आधारे चित्रांचे समर्थन झाले, तिचाच अर्थ फोन्सेका पुढे नेत होते. देव माणूस झाला असेल, तर तो इथल्या माणसांतही ओळखू यावा.

विरोधामुळे त्यांनी गोवा सोडला आणि पुणे गाठले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. हा आश्रम जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी उभारलेला. खादी, साधी राहणी आणि भारतीय पद्धतीची उपासना ही त्याची ओळख. विन्स्लो हे रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे चरित्रकार. मराठी अभंग-कीर्तनातून ख्रिस्तभक्ती मांडणाऱ्या टिळकांचा वारसा तिथे जिवंत होता. कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकन आश्रमात घर मिळाले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मुंबईतील इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांचेही प्रोत्साहन त्यांना लाभले.

पुण्यात त्यांनी शेकडो चित्रे काढली. विवाहानंतर त्यांच्या मरियमच्या चेहऱ्यात पत्नी आयव्ही यांची छटा उतरली. मायभूमीतल्या चर्चमध्ये मात्र त्यांच्या चित्रांना सहज जागा मिळाली नाही.

1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्व लोकांच्या कलेला उपासनेत स्थान असल्याचे मान्य केले. फोन्सेका ज्या विचारासाठी तीन दशके एकाकी झटले, त्याला चर्चच्या सर्वोच्च स्तरावरून दुजोरा मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर 1967 मध्ये, पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुढे त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आला. चित्रकार जिवंतपणी ज्या भूमीपासून दुरावला, तिथे त्याची मरियम अखेर परतली. तिच्या अंगावरची साडी तीच आहे. पाहणाऱ्यांची नजर तेवढी बदलली.