विश्लेषण : वसंतराव देशपांडे यांच्या मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणे रसिक आजही का शोधतात?

नातेपुते : माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला आली, की कुठल्या ना कुठल्या मंडपातून ‘कानडा राजा पंढरीचा’ ऐकू येतेच. १९७०च्या ‘झाला महार पंढरीनाथ’ चित्रपटातले हे गाणे गदिमांनी लिहिले. चाल सुधीर फडके यांची, आणि त्यांच्या जोडीचा दुसरा आवाज वसंतराव देशपांडे यांचा. अनेकांची वसंतरावांशी ओळख इथेच होते आणि इथेच थांबते. त्यांच्या चाहत्यांचे मात्र तीन-चार मिनिटांत भागत नाही. ते मैफलींची ध्वनिमुद्रणे जमवतात आणि त्यातला कोणता मारवा सरस, यावर आजही वाद घालतात.

लेखा कार्यालयातला गवई

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आईने त्यांना नागपुरात एकटीने वाढवले. शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण सुरू झाले. लहानपणीच भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये ते कृष्ण झाले. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा, पुण्यात सुरेशबाबू माने यांच्याकडे किराण्याची तालीम आणि मनावर दीनानाथ मंगेशकरांचा ठसा. शिवाय तबल्यावर उत्तम हात. इतके सगळे एका गळ्यात आल्यावर घराणे कोणते सांगणार? शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्यांना बराच काळ बाजूलाच ठेवले.

पोटासाठी ते पुण्यात लष्कराच्या लेखा खात्यात नोकरी करत होते. दिवसा हिशेब, रात्री गाणे, असे दोन दशकांहून अधिक काळ चालले. मध्येच ईशान्येकडच्या नेफा भागात बदली झाली. १९६५च्या सुमारास नोकरी सुटली, तेव्हा वय पंचेचाळीस होते. १९६७मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेने त्यांना घरोघरी पोहोचवले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे होते. १९८२मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ३० जुलै १९८३ रोजी ते गेले. पूर्णवेळ गायक म्हणून त्यांना जेमतेम अठरा वर्षे मिळाली.

तबकडीत काय मावत नाही?

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत, एलपीच्या बाजूला वीस-पंचवीस. वसंतरावांचे गाणे या मापाचे नव्हतेच. ते ठरवून गात नसत. समोरच्या श्रोत्याची दाद, तबलजीने टाकलेला एखादा तुकडा, त्या दिवशीचा गळा, यावर तान कुठे वळेल ते ठरे. मारव्यात पंचम नाही, षड्जावरही फार विसावता येत नाही. गायकाला आणि ऐकणाऱ्यालाही तो सतत अधांतरी ठेवतो. अशा रागात धोका पत्करणारा गवई दोन रात्री सारखा गाणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच स्टुडिओतली नेटकी प्रत हाताशी असतानाही चाहते खोकल्याचे, खुर्च्या सरकल्याचे आवाज असलेली टेप जवळ करतात.

या टेप बहुतेक खासगी. आधी स्पूल, मग कॅसेट. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. राग ऐन रंगात आला असताना ती संपते आणि बाजू उलटेपर्यंतच्या ताना कायमच्या जातात. त्या ताना दुसऱ्या कुणी टिपल्या असतील, या आशेने त्याच मैफलीची दुसरी प्रत शोधली जाते.

पट्टी का चढते?

प्रतीवरून प्रत काढताना आणखी एक घोळ होतो. टेप मुळापेक्षा साधारण सहा टक्के वेगाने फिरली, तर सूर अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गायलेले काळी एकमध्ये ऐकू येते आणि पंचेचाळीस मिनिटांचा राग अडीच मिनिटे आधीच संपतो. आवाज किंचित बारीक होतो, ताना होत्या त्याहून जलद भासतात. वसंतरावांच्या मुळातच चपळ गळ्याबाबत हा फरक चटकन ध्यानातही येत नाही. ऐकणारा थक्क होतो, आणि निम्मे श्रेय मोटारीचे असते. संगणकावर वेग सुधारता येतो, पण मूळ पट्टी माहीत असेल तरच. त्यामुळे माळ्यावरून एखादी टेप सापडली, की जाणकार तानेआधी मागची पेटी कोणत्या पट्टीत वाजते आहे, ते ऐकतात.