डाग काढणारे रसायनशास्त्रज्ञ : प्रा. त्रिभुवनदास गज्जर



परवा पाचवीतल्या एका मुलीने दप्तराला ॲल्युमिनियमची चकचकीत निळी कडी लावून आणली. किती घासलं तरी तिचा रंग जाईना. असं का, हे मुलांनी मला विचारलं.

अशा वस्तूवर रंग नुसता फासलेला नसतो. आधी ती फॉस्फोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या गरम मिश्रणात थोडा वेळ बुडवतात. त्यात पृष्ठभागावरचे अगदी बारीक उंचवटे विरघळतात आणि धातू आरशासारखा चमकतो. मग ती सल्फ्युरिक आम्लात ठेवून वीज सोडतात. त्यामुळे ऑक्साइडचा सच्छिद्र थर तयार होतो. त्या छिद्रांत रंग भरतात आणि गरम पाण्यात छिद्रं बंद करतात. यालाच ॲनोडायझिंग म्हणतात. पृष्ठभाग आधी उजळला नाही, तर रंगही मळकाच दिसतो. (ही आम्लं फार धोकादायक असतात, हा प्रयोग वर्गात करायचा नाही!)

हे सांगताना मला प्रा. गज्जर आठवले. त्यांचं काम ॲल्युमिनियमवरचं नव्हतं, पण मूळ वस्तूला धक्का न लावता ती रसायनाने कशी उजळायची, हे त्यांना नेमकं माहीत होतं.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ मध्ये सुरतेला झाला. आपल्या नंदुरबारहून रेल्वेत बसलं की थेट जाता येतं, तेच सुरत. घराणं सुतारकाम करणाऱ्या कारागिरांचं. त्यांनी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण घेतलं आणि पुढे बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं.

आपले कारागीर हुशार आहेत, पण नवं विज्ञान इंग्रजीत अडकून पडलंय, हे त्यांना खटकत होतं. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या पाठिंब्याने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं, त्यामागे गज्जरच होते. तिथे कापड रंगवणं, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय लोकांच्या भाषेतून शिकवायचे. गुजराती आणि मराठीतून तांत्रिक पुस्तकं व्हावीत म्हणून महाराजांनी ५०,००० रुपये मंजूर केले. आपले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

१८९६ मध्ये गज्जर मुंबईला विल्सन कॉलेजात आले. त्याच वर्षी चापेकर बंधूंनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं. डाग काही केल्या निघेना. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की तो स्वतःच विरघळतो, आणि खरवडला तर पुतळा बिघडतो. परदेशी तज्ज्ञही थकले. शेवटी गज्जरांनी तो पुतळा पुन्हा पांढरा करून दाखवला. मग काय, त्यांचं नाव सगळीकडे झालं. पुढे त्यांनी काळवंडलेले मोती उजळण्याची पद्धतही शोधली.

मिळालेलं ज्ञान त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. मुंबईत टेक्नो-केमिकल प्रयोगशाळा काढून तरुणांना घडवलं. १९०७ मध्ये कोटीभास्कर आणि अमीन यांच्यासोबत बडोद्यात अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना उभा केला. १९२० मध्ये त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, आपल्या वर्गात भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलणारी मुलं असतात. पुस्तकातला शब्द अडला की मूल गप्प बसतं, आणि आपण पटकन त्याच्यावर कच्चं असल्याचा शिक्का मारतो. खरं तर हा डाग वरचाच असतो, आतलं मूल लख्खच असतं. तो काढायचं रसायन म्हणजे मुलाची स्वतःची भाषा.

त्या कडीची गोष्ट मी दुसऱ्या दिवशी मुलांच्या बोलीतले शब्द घेऊन पुन्हा सांगितली. एरवी मागच्या बाकावर गप्प असणाऱ्या मुलाने सगळ्या पायऱ्या क्रमाने सांगितल्या. तुम्हीही करून बघा.