नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस (२९ ऑक्टोबर १८५९ – १९३६) हे भारतीय भूचुंबकशास्त्रज्ञ आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून त्यांनी चुंबकीय निरीक्षणे अलिबाग येथे हलवली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झालेली ही नोंदींची मालिका त्यामुळे खंडित झाली नाही.

जीवन व शिक्षण

मूस यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर ते स्कॉटलंडला गेले आणि एडिंबरा विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेऊन परतले. पुढे त्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केले. एडिंबरा येथील रॉयल सोसायटीचे ते सदस्य होते.

कुलाबा वेधशाळेची स्थापना ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये केली होती. चुंबकीय निरीक्षणे तेथे १८४१ पासून होऊ लागली. मूस यांच्या जन्माच्या सुमारे आठ आठवडे आधी, २ सप्टेंबर १८५९ रोजी, येथील निरीक्षकांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद केली. सूर्यावरील स्फोटातून उद्भवलेले ते चुंबकीय वादळ आज कॅरिंग्टन घटना म्हणून ओळखले जाते. त्या वेळचे वाचन डोळ्यांनी होत असे. छायाचित्रणाने आपोआप नोंद घेणारी उपकरणे नंतर आली. संचालक चार्ल्स चेंबर्स यांचे १८९६ मध्ये निधन झाल्यावर हा सारा वारसा मूस यांच्या हाती आला. पुढे दोन दशकांहून अधिक काळ ते या पदावर होते.

ट्रामचा व्यत्यय

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्यांचा चुंबकाला काही उपद्रव नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या जागी विजेच्या ट्राम आणण्याची योजना पुढे आली, तेव्हा प्रश्न उभा राहिला.

विजेच्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जाणारी आणि परतीची तार शेजारी शेजारी असतील, तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. ट्रामच्या बाबतीत मात्र प्रवाह डोक्यावरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. रूळ जमिनीवरच असल्याने त्याचा काही भाग मातीत शिरून मिळेल त्या वाटेने वीजघराकडे वळतो. हा भटका प्रवाह कोणत्याही तारेला जोडीदार नसतो. साधा हिशेब करून पाहावा: लांब सरळ वाटेने वाहणारा १०० अँपिअरचा एकेरी प्रवाह १०० मीटर अंतरावर २०० नॅनोटेस्लाचे क्षेत्र निर्माण करतो. शांत दिवशी पृथ्वीच्या क्षेत्राची सकाळ ते संध्याकाळची नैसर्गिक हालचाल काही दशक नॅनोटेस्ला एवढीच असते. शिवाय ट्राम सुटते, थांबते, चढ चढते; त्या प्रत्येक वेळी प्रवाह बदलतो आणि टांगलेला चुंबक थरथरतो.

संगणकाच्या वीजपुरवठा पेटीतही हाच शत्रू लहान रूपात वावरतो. तेथे प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, म्हणून जाणाऱ्या व परतीच्या तारा एकमेकींना खेटून वा पीळ देऊन ठेवतात, आत येणाऱ्या विजेच्या वाटेवर गाळणी बसवतात आणि सारे धातूच्या पेटीत बंद करतात. वेधशाळेला यांपैकी शेवटचे दोन्ही उपाय निरुपयोगी होते. जे क्षेत्र मोजायचे, त्यापासूनच चुंबकाला झाकून ठेवता येत नाही. आणि ट्रामचे धक्के गाळायला जावे, तर खऱ्या चुंबकीय वादळाचे बारकावेही त्यांबरोबर जातात. जाणाऱ्या-परतीच्या तारांचा पहिला उपाय ट्राम कंपनीच्या हातातला, वेधशाळेच्या नव्हे. उरला एकच मार्ग: अंतर. कॅनडातील टोरांटोच्या वेधशाळेने ट्रामपायी १८९८ मध्ये आपली चुंबकीय उपकरणे ॲजिनकोर्ट येथे नेली होती. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे हेच काम पुढे स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे गेले.

अलिबागची निवड

मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेस, समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर असलेले अलिबाग निवडले. अलिबाग हे तत्कालीन कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे (जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले) आणि तेथील आंग्र्यांचा जलदुर्गही कुलाबाच. त्यामुळे नावांचा गोंधळ होऊ शकतो.

जागा अनेक अर्थांनी योग्य होती. मुंबईचे हवामान आणि अक्षांश यांत फारसा फरक पडत नव्हता, म्हणून जुन्या व नव्या नोंदींची तुलना शक्य होती. रेल्वे नव्हती, गिरण्या नव्हत्या, वीज तर नव्हतीच. अलिबागच्या दक्षिणेस अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही अष्टागरातील गावे नारळ-सुपारीच्या वाड्यांनी वेढलेली होती. नागावच्या वाड्यांना पाणी मिळे ते जनावरांनी फिरवलेल्या लाकडी रहाटांवरून. आज त्याच वाड्यांत विजेचे पंप घरघरतात. तेव्हा चुंबकाच्या दृष्टीने हा किनारा जवळजवळ निःशब्द होता.

इमारतीसाठी कोकणातला काळा दगड वापरता आला नाही. त्या बेसॉल्टमध्ये लोहाची चुंबकीय खनिजे असतात, म्हणजे भिंतच चुंबकाला ओढू लागली असती. त्याऐवजी पोरबंदरचा फिकट दगड आणला गेला आणि लोखंडाच्या जागी पितळ व तांबे वापरले गेले. आत आरसा लावलेला चुंबक टांगलेला असे. त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या छायाचित्रण-कागदावर रेघ उमटवी. तापमान बदलले तरी ही रेघ सरकते, म्हणून खोलीतली उष्णता शक्य तितकी स्थिर ठेवावी लागे.

अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाले. मूस यांनी मुंबईची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या आणि त्यांतून दोन जागांमधला फरक निश्चित झाला. आमच्या मते मूस यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरदर्शी निर्णय हाच. स्थलांतर अनेक वेधशाळांनी केले. परंतु सांधा नीट जुळला नसता, तर मुंबईची साठ वर्षांची मालिका एकीकडे आणि अलिबागची दुसरीकडे राहिली असती आणि दीर्घकाळात होणारे मंद बदल कुणाला मोजता आले नसते. मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. तोवर सांधा जुळून झाला होता.

संशोधन व लेखन

मूस यांचा मुख्य ग्रंथ १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात मुंबईच्या १८४६ ते १९०५ या काळातील चुंबकीय निरीक्षणे आणि त्यांचे विवेचन आहे. अनेक वादळांच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढल्यावर त्यांना वादळाचा ठरावीक आकार दिसला: आडवा घटक आधी किंचित वाढतो, मग झपाट्याने खाली येतो आणि नंतर दिवसेंदिवस हळूहळू पूर्वपदावर येतो. चुंबकीय वादळांचा सिद्धांत मांडणारे सिडनी चॅपमन यांच्यासारख्या पुढील संशोधकांना या कामाचा आधार मिळाला. मूस यांच्याच काळात वेधशाळेत मिल्न पद्धतीचे भूकंपलेखक यंत्रही बसवण्यात आले.

नंतरचा काळ

मुंबईतील लोकल गाड्यांचे विद्युतीकरण १९२५ मध्ये सुरू झाले आणि १९२८ मध्ये विजेची गाडी थेट कुलाबा स्थानकापर्यंत पोहोचली. त्या वेळी मूस निवृत्त झाले होते. चुंबकमापक तोवर कुलाब्यातच राहिले असते, तर ट्रामपेक्षा कितीतरी मोठ्या प्रवाहाशी त्यांची गाठ पडली असती. त्यांचे निधन १९३६ मध्ये झाले.

कुलाबा-अलिबाग वेधशाळांच्या या परंपरेतून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था ही स्वायत्त संस्था निर्माण झाली. तिचे मुख्यालय आता नवी मुंबईत नवीन पनवेल येथे आहे. कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदींचा अभ्यास करून त्या वादळाची तीव्रता मांडणारा शोधनिबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत या संस्थेचे शास्त्रज्ञही होते. अलिबागच्या वेधशाळेत आजही निरीक्षणे चालू आहेत.