मुजऱ्याला कंटाळलेला कवी मार्शियल

इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं रोम. उजाडायच्या आधीच गल्लीबोळांतून माणसं लगबगीनं निघालेली. अंगावर जाड लोकरीचा टोगा, पायाखाली चिखल. निघालीत कुठे? बड्या लोकांच्या दारी, सकाळच्या मुजऱ्याला. या गर्दीत मार्शियल नावाचा एक कवीही असे.

त्याचा जन्म स्पेनमधल्या बिल्बिलिस गावचा, साधारण इ.स. ४० च्या आसपासचा. ६४ च्या सुमारास तो नशीब काढायला रोमला आला. तिथं नाव कमावलेले सेनेका आणि ल्युकन हे मूळचे स्पेनचेच. म्हणजे आपल्या मुलखातली माणसं! पण ६५ साली नीरोविरुद्धच्या कटात नाव आलं आणि दोघांनाही जीव द्यावा लागला. मग दुसरी दारं शोधणं आलं.

रिवाज असा होता. आश्रितानं पहाटे यजमानाच्या दिवाणखान्यात हजर राहायचं, 'धनी' म्हणून नमस्कार करायचा, पुढे गरज पडेल तसं त्याच्या पालखीमागे चालायचं, कोर्टात त्याच्या भाषणाला वाहवा करायची. बदल्यात शंभर क्वाद्रान्स. आकडा भारी वाटतो, पण हे सगळ्यात हलकं नाणं. सार्वजनिक स्नानगृहात एका आंघोळीला एक क्वाद्रान्स जाई. पूर्वी टोपलीतून शिधा मिळायचा, म्हणून या रोख पैशालाही 'छोटी टोपली' हेच नाव राहिलं.

एका सकाळी मार्शियलनं यजमानाला 'धनी' न म्हणता नुसत्या नावानं हाक मारली. त्या एका शब्दापायी शंभर क्वाद्रान्स बुडाले, असं त्यानं स्वतःच एका कवितेत सांगून टाकलंय. एकाच पंगतीत यजमानाला उंची कालवं आणि आपल्याला हलकं अन्न, हाही राग त्यानं कवितेतच काढला.

पण नुसता चिडणारा नव्हता हो तो. डोमिशियन बादशहाची त्यानं केलेली स्तुती आज वाचताना अवघडल्यासारखं होतं. दुकानात पुस्तकं खपत, तरी कवीच्या हाती त्यातलं फारसं पडत नसे. पोट दात्यांवरच. बादशाही कृपेनं मानमरातब मिळाले, मुजरे मात्र सुटले नाहीत.

अखेर चौतीस वर्षांनी, ९८ च्या सुमारास, तो गावी परतला. प्रवासखर्च धाकट्या प्लिनीनं दिला, तोही आपल्यावर रचलेल्या कवितेची जाण ठेवून. गावात मार्सेला नावाच्या बाईनं जमीन आणि घर दिलं. म्हणजे इथंही आश्रय आलाच! रोममध्ये दारोदार घाम गाळणाऱ्या जुव्हेनल या मित्राला मार्शियलनं कवितेतून खिजवलं, की मी आता उशिरापर्यंत झोपतो, टोगा कसा असतो तेही विसरलो.

ही मजा फार टिकली नाही. रोममधली ग्रंथालयं, नाटकं, जाणकार श्रोते यांची आठवण त्याला छळू लागली. शिवाय गावातलेच लोक भल्या पहाटे मुजऱ्याला येऊन त्याची झोप मोडू लागले. तेव्हा त्यानं कवितेत बजावलं, की इथंही जागरणच नशिबी असेल तर मी आपला रोमला परत जातो.

पण तो रोमला परत गेला नाही. १०४ च्या सुमारास त्याच्या मृत्यूची बातमी प्लिनीपर्यंत पोचली.