विश्वभयाचा कथाकार : एच. पी. लव्हक्राफ्ट

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट यांचा जन्म १८९० मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे झाला. वडील मनोरुग्णालयात वारले. १९०४ मध्ये आजोबा गेले आणि पाठोपाठ राहते घरही गेले. खगोलशास्त्राचा ध्यास असूनही शालेय शिक्षण अपुरेच राहिले. तथापि, आकाशाच्या त्या अफाटपणानेच त्यांच्या भयकथेला अधिष्ठान दिले. पारंपरिक भुताला निदान माणसावर सूड तरी उगवायचा असतो. लव्हक्राफ्ट यांच्या विश्वशक्तींना माणसाची दखलही नसते. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी विवाह केला. पत्नी सोनिया ग्रीन या स्थलांतरित ज्यू. तरीही परवंशीयांविषयीचा त्यांचा तिटकारा तेथे पराकोटीला पोहोचला. हा द्वेष त्यांच्या कथांतील भयाशी इतका एकजीव आहे की, तो वगळून त्यांचे मूल्यमापन संभवत नाही. १९२६ मध्ये प्रॉव्हिडन्सला परतल्यावर त्यांनी 'द कॉल ऑफ क्थुलू' ही कथा लिहिली. १९३७ मध्ये कर्करोगाने, विपन्नावस्थेत, त्यांचे निधन झाले.

त्यांनी वर्णनातीत म्हणून जे अव्यक्त ठेवले, तेच रेखाटण्याचा मोह चित्रकथाकारांना पडावा, हा विरोधाभासच. अ‍ॅलन मूर व जेसन बरोज यांच्या 'प्रॉव्हिडन्स' (२०१५-१७) या बारा अंकी चित्रकथामालिकेचे खरे आकर्षण मात्र अक्राळविक्राळ आकृतींत नाही. तिचा नायक ज्यू आहे, आणि लव्हक्राफ्ट हे त्याला भेटणारे एक पात्र.