थ्रीडीचा खरा बाप : चार्ल्स व्हीटस्टन

बारावीच्या फिजिक्समुळे ‘व्हीटस्टन ब्रिज’ बहुतेकांना माहीत असतो. गंमत म्हणजे तो ब्रिज मुळात व्हीटस्टन यांचा नाहीच! 1833 मध्ये तो सॅम्युअल ख्रिस्टी यांनी मांडला. व्हीटस्टन यांनी 1843 मध्ये तो लोकांपुढे आणला, तोही ख्रिस्टींना श्रेय देऊन. त्यांचा स्वतःचा शोध मात्र तुमच्या व्हीआर बॉक्समध्ये आहे.

लाजाळू प्रोफेसर

व्हीटस्टन यांचा जन्म 1802 चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरजवळचा. घरात वाद्यांचा धंदा, त्यामुळे सुरुवात वाद्यं बनवण्यापासूनच झाली. 1834 मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्रोफेसर झाले. पण लोकांसमोर बोलायला इतके बुजायचे, की त्यांचं संशोधन कधी कधी मायकेल फॅरेडे मांडायचे.

दोन आरसे, दोन चित्रं

आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. म्हणून प्रत्येक डोळ्याला थोडं वेगळं चित्र दिसतं. मेंदू ती दोन्ही जुळवतो आणि आपल्याला खोली जाणवते. 1838 मध्ये व्हीटस्टन यांनी हे रॉयल सोसायटीपुढे सिद्ध केलं. काटकोनात दोन आरसे आणि दोन बाजूंना दोन रेखाचित्रं, बस्स! फोटोग्राफी तेव्हा जाहीरही झाली नव्हती. नुसत्या रेघांतून ठोकळा उभा राहिला. हाच स्टिरिओस्कोप.

श्रेयाचं भांडण

हे यंत्र अवजड होतं. 1849 मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचं छोटं मॉडेल आणलं. 1851 च्या लंडन प्रदर्शनानंतर त्याला प्रचंड मागणी आली. पुढे ब्रूस्टर यांनी मूळ शोधाचं श्रेयही व्हीटस्टन यांना नाकारलं. 1856 मध्ये दोघांचा वाद वर्तमानपत्रात रंगला. ख्रिस्टींना श्रेय देणाऱ्या माणसाला स्वतःच्या श्रेयासाठी मात्र भांडावं लागलं.

1861 च्या सुमारास अमेरिकेतले डॉक्टर होम्स यांनी आणखी स्वस्त, हातात धरायचं मॉडेल केलं आणि मुद्दाम पेटंट घेतलं नाही. ते घराघरांत पोहोचलं.

आज पडद्यावर

नियम तोच : ज्या डोळ्याचं चित्र त्याच डोळ्याला. पोलराइज्ड चष्म्यांसाठी चंदेरी पडदा लागतो, कारण साध्या भिंतीवर प्रकाशाचं पोलरायझेशन टिकत नाही. लाल-निळसर चष्म्याला एकच साधा प्रोजेक्टर आणि पांढरी भिंत पुरते. बपेऱ्यासारख्या गावातल्या शाळेतही हे जमेल. रंग थोडे बिघडतात, पण खोली दिसते.

व्हीटस्टन 19 ऑक्टोबर 1875 ला पॅरिसमध्ये वारले. पुस्तकात नाव राहिलं ते ब्रिजमुळे. पुढच्या वेळी थ्रीडी चष्मा घालाल, तेव्हा त्या दोन आरशांचीही आठवण ठेवा.